ओळख दाखवणारं यंत्र

दिग्रस गावात जे जे म्हणून हलतं, ते ते आमच्या साडभाऊंनी कधी ना कधी यंत्रातून पाहिलेलं आहे. माणसं, म्हशी, पुसदची एसटी, जिनिंगच्या आवारातून उडून विजेच्या तारेला लटकलेला कापूस, सगळं. त्यांच्या नजरेतून सुटलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे आपल्याला लोक हसतात ही. ती खरंच सुटली, की पाहून न पाहिल्यासारखी केली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पुण्याकडे नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडून दोघंही एकमेकांना साडभाऊ म्हणतात, आणि एकदा भाऊ जोडला की कळंबहून चार दिवस विसाव्याला आलेल्या माझ्यासारख्या माणसाला भर उन्हाळ्यात वाकळीखाली बसवून अंधार दाखवायचा हक्क आपोआप मिळतो. ते वाकळीचं पुढे सांगतो.

बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाची नजर ते तपासतात, नाही असं नाही. पण त्याआधी त्याची पाहायची सवय तपासतात. "अक्षरं राहू द्या. तक्त्याच्या वर भितीवर काय हाय?" माणूस गोंधळून म्हणतो, "पाल हाय." "किती?" "एक... नाई, दोन." "मंग तुमाले चष्मा कायले पायजे? डोळे ठणठणीत हायेत. जा घरी." आणि पेपर वाचता येत नाही ही तक्रार तशीच बगलेत मारून तो बिचारा घरी जातो. माझेही डोळे त्यांनी असेच तपासले आहेत. मला दोन्ही पाली दिसल्या, म्हणून तेव्हापासून त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. त्यांच्या मते पाहण्याच्या तीन पायऱ्या असतात आणि पाळतीच्या यंत्रांची परीक्षाही त्याच तीन पायऱ्यांवर घेतात: दिसणं, समजणं, ओळखणं. "काहीतरी हाय, हे पह्यली पायरी. माणूस हाय, हे दुसरी. कोण हाय, हे तिसरी." मी एकदा म्हटलं, साडभाऊ, आपल्या गावांत लोक तिसरीपासूनच सुरुवात करतात, कोणाचा कोण हे कळल्याशिवाय समोर माणूस आहे की नाही हेसुद्धा ठरवत नाहीत. "थेच तं," ते म्हणाले, "म्हून यंत्र पायजे. यंत्र खालून वर जाते."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कुठून, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जाईल. आमच्या ताई, म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, जन्मभर अंगणवाडीच्या बाई होत्या. अर्ध्या दिग्रसचं नाक त्यांनी आपल्या पदरानं पुसलेलं आहे. रस्त्यानं निघाल्या की या बाजूनं "जयभीम बाई", त्या बाजूनं "नमस्कार बाई", पलीकडून वेल्डिंगवाल्या चाचांचा "सलाम बाई". निवृत्तीच्या सुमाराला त्यांना सांजेनंतर दिसेनासं झालं. रातांधळेपण. गाजरं झाली, शेवग्याचा पाला झाला, कोणी सांगितलं म्हणून बकऱ्याची कलेजी झाली. साडभाऊंनी दुकानातली एकूण एक काच त्यांच्या डोळ्यांवर चढवून पाहिली. साऱ्या तालुक्याला नंबर काढून देणाऱ्या माणसाच्या घरातच दोन डोळे असे निघाले, की त्यांना नंबर नाही! शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेची नजर अशीच जात राहणार, मधली तेवढी काही वर्षं टिकेल, तेवढ्यात काय पाहायचं ते पाहून घ्या.

डोळ्यांचं दुःख ताईंनी गिळलं. पण सांजेला समोरून कोणी हात केला तर त्यांना दिसायचं नाही, आणि त्या तशाच पुढे निघून जायच्या. गावात बोलणं सुरू झालं, की बाई आता ओळख दाखवत नाहीत. दिसत नाही असं सांगून टाकावं, तर ताईंची सक्त ताकीद: चष्मेवाल्याचीच बायको आंधळी म्हटल्यावर दुकानात कोण येणार? आणि कीव तर त्यांना अजिबात नको. एकदा चहा ओतता ओतता मला म्हणाल्या, "भाऊजी, डोळ्याचं मले काही वाटत नाई. पण ज्याचं नाक पुसलं, थो म्हणते, बाईले गर्व आला." एवढं म्हणून त्यांनी कप भरून बशीतही चहा ओतला. मला फार वाईट वाटलं. साडभाऊ तिथंच बसले होते. ते उठले, दुकानात गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रात्री दिसणारं यंत्र बनवायला घेतलं. विचार अगदी सरळ होता. मधली नजर शाबूत आहे ना? मग अंधाराचं उजेडातलं चित्र करून त्या मधल्या नजरेपुढे धरायचं, म्हणजे हिला पुन्हा लोक ओळखता येतील.

पण हे त्यांनी गावात कोणाला सांगितलं नाही. ताईंची ताकीद तर होतीच, शिवाय त्यांचा स्वतःचा एक अनुभव होता. "बायकोसाठी यंत्र करून राह्यलो म्हटलं तं लोक हासतेत, साडभाऊ. देशासाठी म्हटलं तं खुर्ची देतेत." तेव्हा यंत्र देशासाठी झालं. दिवसा आणि रात्री पाळत ठेवायचं, हातात नेता येईल असं पोर्टेबल यंत्र पाहिजे, अशी कुठलीशी सरकारी जाहिरात त्यांनी पेपरातून कापून दुकानात लावली. ती नक्की कोणासाठी होती आणि मुदत कधीच संपली होती की काय, हे कोणी विचारलं नाही. बँकेत, तहसिलीत, जिथं जातील तिथं त्यांना खुर्ची मिळू लागली.

पहिला नमुना मी पाहिला तो चाचांच्या वर्कशॉपमध्ये. एक जुना पाळतीचा कॅमेरा, डोळ्याला न दिसणारा उजेड फेकणारे बारीक दिवे, एक छोटा पडदा आणि मोटारसायकलची बॅटरी, हे सगळं पत्र्याच्या डब्यात बसवून त्याला बादलीची कडी लावलेली. मी एका हातानं उचलायला गेलो आणि कमरेतून आवाज आला. "साडभाऊ, हे पोर्टेबल?" "कडी हाय नं? ज्याले कडी हाय, थे पोर्टेबल." चाचा वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "कडी तो दरवाजे को भी रहती, भाईसाब. लेके घूमते क्या?" साडभाऊंनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यांनी डब्याला दुसरी कडी लावून घेतली. आता दोन माणसांनी दोन बाजूंनी धरला की यंत्र दुप्पट पोर्टेबल झालं, असं त्यांचं म्हणणं.

रात्रीच्या यंत्राची चाचणी रात्री घ्यावी, हे मात्र त्यांना कधीच पटलं नाही. सांजेला ताईंना घेऊन विहारात वंदनेला जायचं, परत आणायचं, जेवण करायचं, मग वेळ कुठं उरतो? म्हणून चाचणी दुपारी, वाकळीखाली. मे महिना, बाहेर झाडावरचं पाखरू हलत नाही अशी दुपार, आणि आम्ही दोघं साठी उलटलेले पुरुष चार जुन्या लुगड्यांच्या वाकळीखाली गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. "काय दिसते?" "काही नाही." "बरोबर. अंधार पक्का हाय." "साडभाऊ, जीव चालला माझा." "आता यंत्र चालू करतो. आता?" पडद्यावर एक पांढरटलेला, घामेघूम, दीनवाणा चेहरा दिसला. तो माझाच होता. तेवढ्यात बाहेरून ताईंचा आवाज आला, "रात्र अंगावर घेऊन बसले काय दोघंबी? या बाहेर. मले जे फुकटात भेटते, थे हे वाकळ पांघरून शोधून राह्यले!" आणि त्या अशा खळखळून हसल्या, की वाकळीखाली साडभाऊही हसायला लागले आणि यंत्र माझ्या पायावर पडलं.

त्या यंत्राची पहिली खरी कामगिरी शेजारच्या एका गावात झाली. साडभाऊंच्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात रानडुकरं सोयाबीन उकरून नासधूस करत होती. गावच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी निळी पाटी, तिच्याखाली सत्काराच्या फोटोत उपसरपंच हार घालून उभे. पहाट फुटायच्या आधी आम्ही बांधावर यंत्र मांडलं. मागे दहा-बारा माणसं काठ्या आणि रिकामे डबे घेऊन. थोड्या वेळानं साडभाऊ कुजबुजले, "पह्यली पायरी. काहीतरी हाय." पडद्यावर खरंच काहीतरी होतं: पांढरट, रुंद, बसकं, मधूनमधून हलणारं. "डुक्कर!" असं म्हणायचा अवकाश, डबे बडवत सगळी फौज धावली. डुक्कर दोन पायांवर उभं राहिलं. त्याच्या हातात टमरेल होतं आणि चेहरा पाटीखालच्या फोटोतला होता. उगारलेल्या काठ्या तशाच हवेत राहिल्या. साडभाऊ तेवढे शांत होते. "पह्यली पायरी पास झाली," ते म्हणाले, "दुसरी चुकली. तिसरी गावानं पुरी केली." पुढच्या ग्रामसभेत यावर कडक ठराव झाला. यंत्राला गावात बंदी घातली. पाटी अजून आहे.

मग दुसरा नमुना आला. हा उजेडावर नव्हे, उष्णतेवर चालायचा. माणसाचं अंग आजूबाजूपेक्षा गरम असतं, तेवढ्यावर यंत्र अंधारात त्याचं चित्र काढतं. हे घेऊन साडभाऊ यवतमाळला नवीन शोधांच्या मेळाव्याला निघाले. सोबत मी आणि ताई. ताईंनी ओला टॉवेल डोक्याखांद्यांवरून घेतला होता आणि काखेत पाण्याची सुराही. मेळावा कोणी भरवला ते जाऊ द्या. ज्यानं भरवला त्यानं तो मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या मंडपात भरवला होता. फॉर्मवर 'उपयोग' असा रकाना होता. त्यात साडभाऊंनी लिहिलं, "सीमा, जंगल, शेत, घर." परीक्षक साहेबांनी विचारलं, "घर कशाला?" साडभाऊ लाजले. मी त्यांना लाजताना तेवढं एकदाच पाहिलं आहे. "राहून गेलं खोडाचं," असं म्हणून त्यांनी त्या शब्दावर काट मारली आणि यंत्र साहेबांकडे वळवलं.

पडदा सगळा एकसारखा करडा. साहेब वाकून बघत म्हणाले, "यात मी कुठं आहे?" साडभाऊंनी बटणं दाबली, काच पुसली, पुन्हा पाहिलं आणि माणूस खरं बोलायला भीत नाही तेव्हा बोलतो तसं बोलून गेले: "साहेब, तुमी अन् खुर्ची सारखेच दिसून राह्यले." मंडपात हशा पिकला. आता यात साडभाऊंचा काय दोष? यवतमाळच्या मे महिन्यात माणूस, खुर्ची, पत्रा आणि भिंत सगळे सारखेच तापतात, तिथं यंत्रानं भेद करावा तरी कसा? तेवढ्यात त्या सगळ्या करड्यात एक गार, काळीशार आकृती स्पष्ट उमटली. पदर, खांदे, काखेतली सुराही, सगळं कोरून काढल्यासारखं. साडभाऊ ओरडले, "हे पाहा! हे दिसली!" साहेबांना ओल्या टॉवेलमधल्या बाईंशी काही घेणंदेणं नव्हतं. "प्रयत्न चांगला आहे, हिवाळ्यात या," ते म्हणाले. पहिलं बक्षीस हजेरी लावणाऱ्या एका अॅपला मिळालं. ते अजून चालू झालेलं नव्हतं, पण निदान त्याला उन्हाचा त्रास नव्हता.

परतीच्या एसटीत ताई खिडकीशी डुलक्या घेत होत्या. साडभाऊ दारव्हा येईपर्यंत मांडीवरच्या यंत्राची काच पुसत होते. मग हळूच म्हणाले, "साडभाऊ, येवढ्या मंडपात यंत्राले फक्त थे दिसली. तिले दिसाले पायजे होतं न जी. हे उलटंच झालं." डॉक्टरांनी सांगितलेल्या काही वर्षांतली किती गेली, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता हे मला कळत होतं. मी सुराहीतलं पाणी ओतून दिलं.

त्यानंतर त्यांनी देशाला रजा दिली. पेपरातली जाहिरात दुकानातून निघाली, बँकेत-तहसिलीत मिळणाऱ्या खुर्च्याही गेल्या. तिसरा नमुना त्यांनी एकट्यानं, कोणाला न सांगता केला. एका जुन्या दुर्बिणीच्या पोटात बसवलेला, ताईंच्या पर्सपेक्षा हलका. सवय म्हणून कुकरची एक मूठ मात्र लावलीच. यंदा दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला, "या." मी गेलो. दिवेलागणीला त्यांनी ते ताईंच्या हातात दिलं आणि घरातला दिवा मालवला. ताईंनी यंत्र डोळ्याला लावलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश फिरवलं. साडभाऊंचा श्वास मला ऐकू येत होता. "दिसते?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "काहो, कोपऱ्यात येवढी जाळी! अन् तुमी रोज सांगता, घर झाडलं म्हून?" साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. जाळी दिसली, समजली आणि ती कोणाच्या आळसाची हेही ताईंनी ओळखलं; तिसरी पायरीसुद्धा पास झाली होती.

आम्ही तिघं विहाराकडे निघालो. ताईंचा उजवा हात नेहमीप्रमाणे साडभाऊंच्या डाव्या कोपरात. हा कोपर हे एक वेगळंच प्रकरण आहे. इतक्या वर्षांच्या सवयीनं सांज झाली की तो आपसूक चहाच्या कपाच्या कानासारखा बाहेर येतो. दुकानात एकटे असले तरी येतो. वाटेनं ताईंना सांगत राहायचं ही दुसरी सवय. "दोन पायऱ्या. नाली. वासरू बसेल हाय. हेडमास्तर येऊन राह्यले, हात केला तुले." मग ताई डावा हात वर करायच्या. लोकांना बाई ओळख दाखवताना दिसाव्यात म्हणून साडभाऊंनी ही तोड काढली होती. त्या दिवशी ताईंच्या डाव्या हातात यंत्र होतं, पण साडभाऊंची जीभ आपल्या रुळावरून चालतच होती. जिनिंगच्या वळणावर ते बोलून गेले, "हेडमास्तर आले, हात केला."

ताईंनी यंत्र तिकडे वळवलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. वासरू होतं, तेही पाठमोरं. साडभाऊंचा चेहरा असा उतरला, की तो पाहायला मला यंत्राची गरज पडली नाही. "गेले वाटते," ते पुटपुटले. ताई यंत्र तिकडेच धरून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनीच सगळं ओकून टाकलं. "पह्यले लोक खरंच हात करत होते वं. जयभीमबी करत. मंग हळूहळू कमी झाले. तुले वाईट वाटन म्हून मी आपलं..." इतक्या लोकांवर पाळत ठेवलेला माणूस रंगेहात सापडला होता. मलाही कुठं तोंड लपवावं कळेना, कारण इतकी वर्षं दर मुक्कामाला मागून चालताना तो रिकामा रस्ता मीही पाहिला होता आणि गप्प बसलो होतो.

ताईंनी यंत्र खाली घेतलं. "काहो," त्या म्हणाल्या, "हेडमास्तरची बदली महागावले होऊन दोन वर्षं झाले. निरोपाच्या कार्यक्रमाले मी गेलती. भाषणबी केलं मी."

साडभाऊ जागच्या जागी थांबले. "मंग तू रोज हात कायले करत होती?"

"तुमी येवढं जीव लावून सांगता, तं करा लागते नं."

दुसऱ्या दिवशी सांजेला ताईंनी यंत्र खुंटीला अडकवून ठेवलं. घरात ते आता रोज वापरात आहे आणि जाळी लपवायची साडभाऊंची सोय कायमची गेली आहे. पण रस्त्यानं न्यायला त्या तयार होईनात. साडभाऊ काकुळतीला आले, "अवं, पोर्टेबल हाय! वजन नाई त्याले!" ताई म्हणाल्या, "वजनाचं नाई. एक हात तुमच्या कोपराले, एक हात यंत्राले. मंग कोणी भेटलं तं हात कोणत्या हातानं करू?"

साडभाऊंनी कोपर पुढे केला. आम्ही निघालो. त्या दिवशी ते फक्त पायऱ्या आणि नाली सांगत होते, माणसांबद्दल चकार शब्द नाही. जिनिंगचं वळण आलं. ताई थोडा वेळ वाट पाहत चालल्या आणि मग म्हणाल्या, "आज कोणीच नाई काय रस्त्यानं?"

साडभाऊंनी घसा खाकरला. "हेडमास्तर... हेडमास्तर येऊन राह्यले."

"हात केला?"

"केला."

ताईंनी हात वर केला, चांगला खांद्याच्या वर, आणि हसल्या. मी मागून चालत होतो. माझे डोळे ठणठणीत आहेत, साडभाऊंनीच तपासलेले आहेत. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग मीही हात केला.